एआर पिस्तुलासाठी आटोपशीर ब्रेस कुठला घ्यावा?

वायव्य_वारा

आधीच सांगतो, घरात बंदूक असावी की नसावी यासाठी हा धागा नाही. तो वाद इथे दरवर्षी होतो, त्याची कढई वेगळी ठेवा.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. सिटिझन होऊन सहा वर्षं झाली. महिन्यातून दोन शनिवार नेमबाजीच्या रेंजवर जातो. माझ्याकडे एआर पद्धतीचं (एआर-१५ रायफलीच्या यंत्रणेचं, पण आखूड) पिस्तूल आहे, ५.५६ मिमी काडतुसाचं, नळी साडेदहा इंची. मागच्या मालकाने बसवलेला जुना ब्रेस (बंदुकीच्या मागच्या टोकाला बसवून हाताला बांधायचा आधार) तसाच आहे: जाड रबराचा, मागच्या गुळगुळीत गोल ट्यूबवर घट्ट बसलेला, पुढेमागे न सरकणारा.

अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या बर्फावर घसरून उजवं मनगट मोडलं. आत प्लेट आहे. पंधरा गोळ्या झाल्या की मनगट भरून येतं आणि नळी खाली झुकायला लागते. शिवाय सेफमधला खण लहान आहे, त्यामुळे हे धूड तिरकं कोंबावं लागतं.

म्हणून आटोपशीर ब्रेस हवाय. डोळ्यासमोर तीन प्रकार आहेत: (१) पात्यासारखा, प्लॅस्टिकचा, हलका आणि स्वस्त. (२) आकडा खाली पडतो आणि हाताखाली अडकतो तो, टेलहूकसारखा. (३) दोन दांड्यांवर आत-बाहेर सरकणारा, मिटला की एकदम छोटा, पण महाग. मन तिसऱ्यावर आहे. वापरणाऱ्यांनी सांगा.

गुळपोळी

शीर्षक वाचून वाटलं दातांचे ब्रेस. लेकीच्या दातांत नुकतेच चार हजार डॉलर घातलेत, म्हटलं सल्ला देऊन टाकू.

बंडूनाना

मी पुण्यात बसून वाचतोय, तेव्हा अज्ञान पोटात घाला. तुम्ही पिस्तूल म्हणता, पण जालावर शोधलं तर सरळसरळ रायफल दिसते. पिस्तूल म्हणजे कमरेला लावतात ते ना? आणि ब्रेस म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ताच ना तो?

तात्या_टेक्सन

नाना, तुम्ही एका ओळीत विचारलंत, त्यावर अमेरिकेत दहा वर्षं डोकी फुटली आहेत. चहा घेऊन बसा.

१९३४ च्या एनएफए (नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट) कायद्याप्रमाणे १६ इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचांपेक्षा कमी लांबीची रायफल म्हणजे 'शॉर्ट बॅरल रायफल', एसबीआर. ती सरकारदरबारी नोंदवावी लागते. आणि रायफल कशाला म्हणायचं? खांद्याला लावून चालवण्यासाठी बनवलेली ती रायफल. मग तीच यंत्रणा, आखूड नळी, पण मागे दस्ता नाही, असं काही बनवलं तर ते कायद्याने पिस्तूल. दिसतं कसं याला महत्त्व नाही.

पण पाच-सहा पौंडांचं 'पिस्तूल' एका हातात धरणार कसं? २०१२ मध्ये अ‍ॅलेक्स बॉस्को या माजी सैनिकाने त्यावर तोडगा काढला. त्याचा एक मित्र युद्धात अपंग झालेला. त्याला रेंजवर बंदूक सांभाळता येईना, म्हणून रेंजवाल्याने थांबवलं. बॉस्कोने ट्यूबवर चढणारा आणि हाताला पट्ट्याने बांधायचा ब्रेस बनवला. एटीएफ म्हणजे इथलं बंदुकांचं खातं. त्यांनी त्याच वर्षी पत्र देऊन हरकत नाही म्हटलं. यातूनच एसबी टॅक्टिकल उभी राहिली.

पुढची गंमत ऐका. लोक ब्रेस हाताला बांधायचे सोडून खांद्याला टेकवायला लागले. जानेवारी २०१५ मध्ये एटीएफचं खुलं पत्र आलं, की खांद्याला लावलात तर तुम्ही त्याची रायफल केलीत. म्हणजे वस्तू तीच. हाताला बांधली की पिस्तूल, खांद्याला लागली की गुन्हा! मार्च २०१७ मध्ये दुसऱ्या पत्राने ते बरंचसं मागे घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा पलटी: नवा नियम, ब्रेसवाली बहुतेक पिस्तुलं एसबीआर ठरतील, ३१ मेपर्यंत नोंदवा, नाहीतर ब्रेस काढा. मी काढला आणि खोक्यात घालून गॅरेजच्या माळ्यावर टाकला. बायको म्हणाली, गणपतीच्या मखराशेजारी कशाला ठेवताय.

१३ जून २०२४ ला फोर्ट वर्थच्या न्यायालयात न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी मॉक विरुद्ध गारलंड या खटल्यात तो नियमच रद्द केला. २०२५ मध्ये सरकारने अपीलही सोडून दिलं. मखर खाली आलं, ब्रेसही आला.

मूळ प्रश्नावर: मी एसबी टॅक्टिकलचाच एसबीए३ वापरतो, पुढेमागे सरकवून पाच ठिकाणी अडकवता येतो, तक्रार नाही.

बंडूनाना

दंडवत. आपल्याकडे सोसायटीची पार्किंगची नियमावली अशीच बदलते.

सुमेधा_एडिसन

न्यू जर्सीकरांनी हा धागा फक्त मनोरंजनासाठी वाचावा. ब्रेस सोडा, इथे एआर पिस्तूलच चालत नाही. इलिनॉयमध्येही २०२३ पासून तेच. टेक्सासहून कुणी 'सहज' गाडीत टाकून भावाकडे एडिसनला आणू नका. वायव्य_वारा यांना उद्देशून नाही, पण असा एक प्रसंग ओळखीत घडता घडता राहिलाय.

नवखा_२३

एक बावळट प्रश्न. मी एच-१बी वर आहे, ह्यूस्टनला. ऑफिसमधले गोरे मित्र रेंजवर चल म्हणतात. विकत घ्यायची नाही, नुसती भाड्याने घेऊन चालवली तर चालेल ना?

तात्या_टेक्सन

नवखा_२३, नको! एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे आणि अशा व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे. रेंजवर भाड्याने घेणंही त्यातच येतं. अपवाद आहेत. सगळ्यात ओळखीचा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. पण 'मित्र म्हणाला काही होत नाही' हा अपवाद नाही. ग्रीन कार्ड झालं की वेगळी गोष्ट. तोवर मित्रांबरोबर बोलिंगला जा, आणि खात्री करायची तर वकिलाला विचार. त्याची फी व्हिसापेक्षा स्वस्त.

अगत्य

कढई वेगळी ठेवा म्हणालात, तरी एक विचारते. घरात मुलं आहेत का? असतील तर 'खणात तिरकं कोंबतो' हे वाचून पोटात गोळा आला. लोकांना ब्रेसचा रंग ठरवायला तीन महिने लागतात, कुलपाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

वायव्य_वारा

अगत्य, रास्त प्रश्न. एक मुलगा, अकरा वर्षांचा. सेफ पोलादी, भिंतीला बोल्टने जखडलेली, आकडे फक्त आम्हा दोघांना माहीत. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. तिरकं कोंबलेलं असतं ते रिकामं असतं. मुलाला बंदुकीपेक्षा माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड हवा असतो.

अगत्य

ठीक. मग चालू द्या. (मत बदललेलं नाही.)

खडकवासला

मी बंदूक हातात धरलेली नाही, पण तीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवलंय. तुमच्या तीन पर्यायांकडे तरफ म्हणून बघा.

मूठ हा टेकू. नळी पुढे झुकते म्हणजे मागचं टोक वर उठायला बघतं. त्याला खाली दाबून धरायला हाताच्या खालून काहीतरी गेलं पाहिजे. पट्टा किंवा आकडा हे काम करतो. नुसतं पातं हाताच्या एका बाजूला टेकतं. डावी-उजवी थरथर थोडी कमी होईल, पण वर उठणं ते रोखत नाही. तुमचं दुखणं झुकण्याचं आहे, तेव्हा पहिला पर्याय बाद.

आता लांबी. समजा वजन ६ पौंड आणि गुरुत्वमध्य मुठीच्या ६ इंच पुढे. पट्टा मुठीच्या ६ इंच मागे असेल तर त्याला ६ पौंड जोर लागेल. तोच ९ इंच मागे असेल तर ४ पौंड पुरेल. आणि मुठीवर बंदुकीचं वजन अधिक पट्ट्याचा जोर असं दोन्ही येतं. म्हणजे पहिल्या वेळी १२, दुसऱ्या वेळी १०. ब्रेस जितका आखूड, तितका हात जास्त शिणतो. तुम्ही 'आटोपशीर' म्हणताय ते सेफसाठी की हातासाठी, हे आधी ठरवा. दोघांच्या गरजा उलट्या आहेत.

गुळपोळी

सर, तुम्ही आम्हाला शिकवायला असतात तर मी मेकॅनिक्समध्ये दोनदा बसलो नसतो.

डॉ_खलबत्ता

खडकवासला यांच्याशी सहमत, एक पुरवणी. पट्टा मनगटाजवळ, प्लेटच्या वर आवळू नका. तिथे हाड आणि शिरा दोन्ही कातडीला लागून असतात. कोपराच्या बाजूला स्नायूंची गादी असते, दाब तिथे सोसतो. पण अगदी कोपराच्या खोबणीतही नको, हात वाकवला की सरकेल. बोटांना मुंग्या आल्या की लगेच सैल करा. आणि दोन वर्षांनीही पंधरा गोळ्यांत मनगट भरून येत असेल तर ब्रेसच्या आधी फिजिओ. हे मी फुकटात सांगतोय, दुकानदार सांगणार नाही.

लाल_माती

कोल्हापूरचा आहे, कॉलेजात असताना एअर पिस्तूल चालवायचो. धागा वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे सगळं उलटं. ऑलिंपिकवाल्या आयएसएसएफच्या नियमांत पिस्तूल एका हाताने, आणि मनगटाला कसलाही आधार चालत नाही. मूठ मनगटावर चढलेली नको. ज्या हातात पिस्तूल त्या हातात घड्याळसुद्धा नको! आमचे सर मॅचच्या आधी कडं, धागा, राखी सगळं उतरवायला लावायचे. राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात एकाने राखी काढायला नकार दिला होता. मग बहिणीला फोन लावून परवानगी घेतली.

राही सरनोबत आमच्याच गावची. २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये तिने सुवर्ण घेतलं ते अशाच मोकळ्या मनगटावर. त्यामागे किती वर्षांचे तास आहेत ते आम्ही जवळून पाहिलंय. वायव्य_वारा, पाण्याची बाटली हात लांब करून धरायचा व्यायाम करा. अर्ध्या लिटरपासून सुरुवात. अर्थात डॉक्टरांना विचारून.

तात्या_टेक्सन

लाल_माती, तुमचं एअर पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलोचं. हे त्याच्या जवळजवळ दुप्पट भरेल. तुलना नको.

लाल_माती

तुलना नाही ओ तात्या, आठवण आली म्हणून लिहिलं. आणि तुमच्याकडे दोन्ही हात लावायला कोण नको म्हणतंय?

बंडूनाना

मला कालपासून एक गोष्ट सुचतेय, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा तर दांडपट्टा!

पट्ट्याला साधी मूठ नसते. पोलादी खोबळा असतो, हात त्यात कोपराच्या दिशेने पार आत जातो, आत आडवी दांडी धरायची, आणि मागच्या बाजूला एक पट्टी हाताभोवती येते. लांब पातं मनगटाने पेलवत नाही, म्हणून भार कोपरापर्यंतच्या हातावर घ्यायचा. खडकवासला सरांची तरफ तीच. २०१२ मध्ये अमेरिकेत शोध लागला म्हणता, आमच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात पोरं रोज फिरवतात.

खडकवासला

नाना, दंडवत परत घ्या. उदाहरण चोख आहे. फरक एवढाच की पट्ट्यात मनगट वळतच नाही, म्हणून फिरवणारा खांद्यातून आणि कमरेतून फिरतो.

ईशान्या_फीनिक्स

उशिरा आले. तात्यांचा इतिहास छान, पण त्यांनी महत्त्वाचं सांगितलंच नाही. १ जानेवारी २०२६ पासून एसबीआरचा २०० डॉलरचा कर शून्य झालाय. १९३४ पासूनचा तो कर गेला. मग ब्रेसचं नाटक हवं कशाला? फॉर्म १ भरा, बोटांचे ठसे आणि फोटो द्या, मंजुरी आली की सरळ दस्ता लावा. मी तेच केलं. खांद्याला लावा, मनगटाचा प्रश्नच मिटला.

तात्या_टेक्सन

ईशान्या, कर गेला, नोंदणी गेली नाही. एसबीआर घेऊन राज्याची हद्द ओलांडायची तर एटीएफची आधी लेखी परवानगी लागते. पिस्तुलाला ती लागत नाही, पलीकडच्या राज्याचा कायदा पाळला की झालं. आमचे ओक्लाहोमाचे रेंजवाले मित्र आहेत, दर वेळी फॉर्म कोण भरणार?

ईशान्या_फीनिक्स

वर्षाच्या तारखांचा एकच फॉर्म भरता येतो, तात्या. आळस म्हणा.

तात्या_टेक्सन

आळस.

ईशान्या_फीनिक्स

:-) बरं, ब्रेसच घ्यायचा असेल तर आधी ट्यूब बघा. याच्यावर कुणी बोललंच नाही. एआरमध्ये गोळी सुटली की बोल्ट (आतला मागेपुढे सरकणारा भाग) मागे ट्यूबमध्ये येतो, तिथे बफर (धक्का झेलणारा तुकडा) आणि स्प्रिंग असते. म्हणून एआरची ट्यूब काढून टाकता येत नाही. घडीचा जोड बसवता येतो, पण दुमडलेल्या अवस्थेत बोल्टला मागे जायला जागाच नसते. उघडल्याशिवाय चालवायचं नाही. ज्यांची स्प्रिंग वरच्या भागातच असते, उदाहरणार्थ सिग कंपनीची एमसीएक्स, त्यांना मागे नुसती रेल (जोडपट्टी) पुरते आणि ब्रेस खराखुरा घडी होतो. ते बघून लोक एआरकडूनही तीच अपेक्षा करतात.

वायव्य_वारा, तुमची ट्यूब गुळगुळीत आहे म्हणालात. पाच ठिकाणी अडकणाऱ्या ब्रेसला खालून खाचा असलेली कार्बाइन ट्यूब लागते. म्हणजे ट्यूबही बदलावी लागेल. दोन दांड्यांवाल्याची ट्यूब आखूड असते आणि बफर-स्प्रिंग त्याचीच. माझ्या आधीच्या एकात ते जुळलं नाही. दर तिसरी-चौथी गोळी अडकायची. शेवटी विकला. कंपनीचं नाव घेत नाही, कदाचित माझ्याच तोफेचा दोष असेल.

आणि आधार हवा म्हणून पुढे उभी मूठ लावू नका! २६ इंचांखालच्या पिस्तुलाला उभी मूठ लागली की ते कायद्याने तिसऱ्याच वर्गात जातं, आणि त्याचीही नोंदणी लागते.

नवखा_२३

बोलिंगला गेलो होतो. मनगट दुखतंय.

डॉ_खलबत्ता

बर्फ. वीस मिनिटं.

अगत्य

नवखा_२३ ला ब्रेस सुचवा कुणीतरी.

वायव्य_वारा

तीन आठवड्यांनी परत येतोय, क्षमस्व. सगळ्यांचं वाचलं आणि एका दुकानात काउंटरवर तासभर उभा राहिलो. तिथला म्हातारा भला माणूस, प्रत्येक ब्रेस हाताला बांधून बघू दिला.

पातं हातात घेतलं आणि खडकवासला सरांचं पटलं. हाताखालून काहीच नाही. परत ठेवलं. दोन दांड्यांवाला मिटल्यावर इतका गोंडस की पाकीट काढलंच होतं. पण बाहेर ओढूनही पट्टा मनगटापासून चारच बोटं मागे, नेमका प्लेटच्या शेवटावर. शिवाय धातूचा, जड. आकडेवाल्याने आश्चर्य वाटलं. पट्टा आवळायची कटकट नाही, खटकन खाली पडतो आणि हाताखाली बसतो. एका हाताने लावता-काढता येतो. पण आकड्याची कड माझ्या बारीक हाताला एकाच जागी टोचत होती. जाड हातवाल्यांनी जरूर बघावा.

शेवटी तात्यांचा एसबीए३. त्यासाठी ट्यूब बदलली, ती दुकानातल्या गनस्मिथकडूनच करून घेतली. शेवटून दुसऱ्या खाचेत ठेवला की पट्टा बरोबर डॉक्टरसाहेबांच्या गादीवर येतो. परवा रेंजवर चाळीस गोळ्या झाल्या, मनगट गप्प. नळी झुकायला लागली ती पस्तिसाव्या गोळीनंतर, तेव्हा लक्षात आलं की पट्टा सैल झाला होता. फिजिओही सुरू केलाय, अर्ध्या लिटरची बाटलीही. एक लिटरवर गेलो नाहीये, लाल_माती.

आटोपशीर मात्र झालं नाही. पूर्ण मिटवूनही जुन्यापेक्षा बोटभरच कमी भरतं. खणात अजून तिरकंच आहे. बायको म्हणते आता खण मोठा घे. म्हणजे नवी सेफ.

गुळपोळी

दातांचे ब्रेस स्वस्त पडले म्हणायचे.

तात्या_टेक्सन

सेफसाठी वेगळा धागा काढा. माझ्याकडे मतं आहेत.

बंडूनाना

एक शेवटचं. पट्टा पूर्ण बाहीच्या शर्टावर बांधता की उघड्या हातावर? आखाड्यात आम्ही आत कापड गुंडाळायचो.

वायव्य_वारा

नाना, पूर्ण बाही. पहिल्या दिवशी उघड्या हातावर बांधला. वेल्क्रो सोडताना अर्धे केस पट्ट्यालाच राहिले.